साधी फी

आमची नात जळगावला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पितृपक्षात एका दुपारी ती पुस्तक घेऊन माझ्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, 'फी सिंपल' म्हणजे साधी फी का हो? मग अवघड फी कोणती?"

मी छत्तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकवले. असल्या प्रश्नाला उत्तर देण्याची संधी म्हाताऱ्या मास्तराला पंचपक्वान्नाच्या ताटासारखी वाटते. मी चष्मा पुसला आणि बैठक मारली. पण उत्तर द्यायला तोंड उघडले, तो डोळ्यांपुढे इंग्लंडचा कायदा आलाच नाही. धुळ्याच्या आमच्या घराची ओसरी आली, ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी आली आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाला बांधलेली एक तांबडी कालवड आली.

आधी नातीच्या शंकेचे सांगतो, मग कालवडीचे.

वकिलाची, डॉक्टरची, शाळेची ती फी आपल्या ओळखीची. आपण तिला स्त्रीलिंग देऊन केव्हाच घरात घेतले आहे. पण इंग्रजांच्या जमिनीच्या कायद्यात 'फी' म्हणजे जमिनीवरचा वारशाने चालत जाणारा हक्क. सरंजामशाहीत राजा सरदाराला जमीन देई आणि सरदार राजाला चाकरी देई. त्या चाकरीबद्दलच्या जमिनीचे नाव 'फी'. ती कोणत्याही वारसाकडे जाऊ शकते, विकता येते, दान करता येते, असे असले म्हणजे ती 'सिंपल', म्हणजे बिनअटीची. ती पोटच्या वंशापुरतीच कातरून ठेवली म्हणजे 'फी टेल'. येथे 'टेल' म्हणजे शेपूट नव्हे, हे मी वर्गात सांगत असे आणि मुले तरी हसत. तो जुना फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ कापलेली. आणि जी जमीन केवळ माणसाच्या हयातीपुरती, ती ना सिंपल, ना टेल. तिला वंशच नाही.

नात म्हणाली, "म्हणजे फी सिंपल म्हणजे आपला भोगवटादार वर्ग एक!"

पोरगी हुशार आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतकऱ्याला भोगवटादार म्हटले आहे. जमीन विकायची मोकळीक असलेला तो वर्ग १ आणि ज्याला त्यासाठी सरकारची परवानगी लागते तो वर्ग २. आपला शेतकरी सात-बाऱ्यावर नाव लागले की स्वतःला मालक म्हणवतो. कागद मात्र त्याला भोगवटादारच म्हणतो. इंग्लंडातही तात्त्विकदृष्ट्या सारी जमीन राजाचीच. फी सिंपलवालादेखील शेवटी भोगवटादारच.

जमीन आणि मोबदला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात याचे इंग्रजाला कौतुक वाटत असेल. आपल्याला वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे वतन होते. कुलकर्ण्याला हिशेब लिहिण्याबद्दल जमीन, पाटलाला वसुलीबद्दल जमीन, महाराला गावकीच्या रात्रंदिवसाच्या राबणुकीबद्दल जमिनीचा तुकडा. जमीन हीच फी. माझे वडील धुळ्याला वकिली करीत आणि रविवारच्या दुपारी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी कागदपत्रे चाळत. ते म्हणत, "वतन हे दावे आहे. एक टोक जमिनीला, दुसरे माणसाच्या गळ्याला." हे काही त्यांचे एकट्याचे मत नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याचसाठी, की त्या तुकड्याच्या मोबदल्यात अख्खी जात गुलामीत अडकून पडली होती. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद गेले. आमच्या घराण्याचे कुलकर्णीपण गेले तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. वडील मात्र दोन्ही वेळ व्यवस्थित जेवले, असे आई सांगे.

आता कालवड.

पांझरेकाठच्या एका गावची एक बाई वडिलांची पक्षकार होती. आम्ही सारे तिला 'माय' म्हणत असू. तिचा नवरा स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी गेला. पदरी एक मुलगी. दिरांनी पंचांसमक्ष कागद केला. पोटगीदाखल पाच एकर वावर तिच्याकडे. तिने हयातीपर्यंत त्याचे उत्पन्न खावे. विक्री, गहाण, बक्षीस काही करू नये. तिच्या पश्चात वावर दिरांच्या वंशाकडे परत जावे. तेव्हाच्या हिंदू विधवेचा हक्क असाच मर्यादित असे. ती जमिनीवर राबायची, सारा भरायची, पण मेली की मागे काही ठेवता येत नसे. मायने ते वावर वीस वर्षे कसले. कपाशी, ज्वारी, बांधावर तूर. विहिरीला पाणी तिने लावले. १९६६ साली जावई वारला आणि मुलगी पोरांना घेऊन माहेरी आली, तेव्हा मायने दोन एकर तिच्या नावाने बक्षीस लिहून दिले. पुतण्यांनी दावा लावला.

पहिल्यांदा ती ओसरीवर आली तो दिवस मला आठवतो. तिने वडिलांपुढे कागद ठेवला. तो तिला वाचता येत नव्हता, पण त्यातले शब्द तोंडपाठ होते. मग तिने एकच प्रश्न विचारला : "भाऊ, हाई वावर मन्हं शे का नही?" तिची बाकीची अहिराणी मला कागदावर नीट उतरवता येणार नाही, म्हणून पुढचे साध्या मराठीत सांगतो. पण हा प्रश्न तिच्याच शब्दांत राहू द्या. पुढे बारा वर्षे निरनिराळ्या कोर्टांत जे इंग्रजी उडाले, ते सारे या सहा शब्दांचे भाषांतर होते.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे चौदावे कलम तिच्या बाजूने होते, आणि विरुद्धही होते. पहिले पोटकलम म्हणते, हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता, मग ती पोटगीदाखल मिळालेली का असेना, आता तिची पूर्ण मालकीची. दुसरे पोटकलम म्हणते, पण दस्तऐवजानेच जर मर्यादित हक्क दिला असेल, तर तो मर्यादितच राहील. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले असे वाटावे, असे ते कलम. पुतण्यांचा वकील दुसऱ्या पोटकलमावर उभा राहिला : कागद स्पष्ट आहे, हयातीपुरते म्हणजे हयातीपुरते. वडील म्हणत, पोटगीचा हक्क त्या कागदाच्या आधीचा आहे. कागदाने तिला काही नवीन दिले नाही, जे देणे होते त्याची फेड केली. निरनिराळ्या उच्च न्यायालयांची मते तेव्हा एकसारखी नव्हती. खालच्या कोर्टात १९६८ साली माय हरली.

निकालानंतर ती पुन्हा ओसरीवर आली. शेळ्या विकून तिने कोर्टफीचे स्टँप आणले होते. (ही कोर्टफी वकिलाची नसते, सरकारची असते, पण हरलेला पक्षकार नेमका वकिलाला विचारतो, "साहेब, फी तर भरली होती, मग निकाल उलटा कसा?") अपिलाचा खर्च काढायला आता शेळ्याही उरल्या नव्हत्या. तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, पैसे नाहीत. जिंकलो तर एक एकर तुमचे. कागद करून घ्या."

आई दाराआड उभी होती. मी सुटीवर आलो होतो, बाजूलाच होतो. आणि आज कबूल करतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, वडिलांनी 'हो' म्हणावे. जळगावच्या कॉलेजात माझी सत्राची फी थकली होती. नोटीस फळ्यावर लागली होती आणि त्या यादीत माझे नाव वरून चौथे होते. वडिलांचे पक्षकार बहुतेक शेतकरी. ते फी देत ती भुईमुगाच्या पोत्यात, भरताच्या वांग्यांत, ज्वारीच्या पायलीत, आणि कॉलेजच्या खिडकीवर वांगी चालत नसत.

वडील म्हणाले, "माय, ते जमणार नाही."

मायला वाटले, एक एकर कमी पडले. ती म्हणाली, दीड घ्या.

तेव्हा वडिलांनी तिला समजावून सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणात म्हटले होते की, जिंकलेल्या वस्तूत हिस्सा घेण्याचा करार वकिलाने करणे हे व्यवसायाला न शोभणारे गैरवर्तन आहे. इतर कुणी तिऱ्हाइताने तसा पैसा घातला तर तेवढ्याने तो करार आपल्याकडे बेकायदा ठरत नाही, पण वकिलाला बंदी. माय ऐकत होती. मग तिने जो प्रश्न टाकला, तसा मी पुढे कुठल्या वकिलाच्या तोंडूनही ऐकला नाही. ती म्हणाली, "आमचा सुतार नांगर करतो आणि सुगीला खळ्यावर येऊन बलुते नेतो. पीक आले तर भरपूर, नाही आले तर थोडे. त्याला चालते, मग तुम्हाला का नाही?"

वडील हसले. पण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "सुतार तुम्हाला कधी सांगतो का, की या साली पेरू नका, की शेत विकून टाका? मी सांगतो. उद्या पुतणे म्हणाले की तीन एकर तुमचे, दोन आमचे, मिटवून टाका, तर तुम्हाला 'मिटवा' म्हणून सांगणारा माणूस मीच. माझा एक एकर त्यात अडकला असला, तर माझी जीभ सरळ चालेल का?"

आणि खरोखरच, पुढच्या वर्षी पुतण्यांनी तसा निरोप धाडला. वडिलांनी मायला प्रामाणिकपणे सांगितले की घ्यावे. कोर्टाचा भरवसा नाही. मायने नाही म्हटले. तिचे म्हणणे, वावर माझे आहे तर सगळे माझे, नाही तर एक तसूही नाही. निर्णय तिचा होता आणि सल्ला वडिलांचा होता, दोघांचेही एकमेकांत मिसळलेले नव्हते. हे मला आज कळते. तेव्हा इतकेच कळले की, आईने पाटल्यांची जोडी सराफाकडे नेली, मी फी भरली आणि वडिलांशी दोन महिने नीट बोललो नाही.

वडिलांचा नियम सर्वथा निर्दोष आहे असे मात्र माझे मत नाही. अमेरिकेत टक्केवारीवर दावे चालतात आणि त्यामुळेच गरिबाला कोर्टाची पायरी चढता येते, असे तिकडचे लोक म्हणतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीही पुन्हा बजावले की, निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवणे लोकहिताच्या विरुद्ध आहे. ठीक आहे. पण मग ज्याच्याकडे शेळ्याही नाहीत त्याने काय करावे? मायच्या वेळी या प्रश्नाला उत्तर एकच होते, वकिलाच्या बायकोच्या पाटल्या. १९८७ चा विधि सेवा कायदा नंतर आला. त्यात स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मागता येतो. आणि १९९४ पासून महाराष्ट्रात मालमत्तेच्या तंट्यांत स्त्रियांना कोर्टफीही माफ आहे. मायच्या शेळ्या वाचल्या असत्या.

इंग्लंडात बॅरिस्टरला फीसाठी पक्षकारावर दावाच लावता येत नसे. त्याची फी म्हणजे मानधन. बॅरिस्टरच्या झग्याला पाठीमागे एक लहानशी पिशवी असते. पक्षकाराने तीत गुपचूप नाणी टाकावीत आणि बॅरिस्टरने मागे वळून पाहू नये, अशी तिची एक आख्यायिका सांगतात. आपल्याकडे १९२६ च्या कायद्याने वकिलाला फी ठरवण्याचा आणि ती दावा लावून वसूल करण्याचा हक्क दिला. वडिलांनी तो एकदाही वापरला नाही. पक्षकाराची कागदपत्रे फीसाठी अडकवून ठेवणारे वकील त्यांना मुळीच आवडत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसे करता येत नाही असा निकाल दिला, तो ऐकायला ते नव्हते. नात सांगते की, १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, पण २०२४ च्या निकालाने वकील त्यातून बाहेर राहिले. "आजोबा, आम्ही सुटलो," असे ती म्हणते. अजून सनद मिळायची आहे, पण 'आम्ही' आताच.

अपील धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात १९७३ साली निकाली निघाले. माय जिंकली. वडिलांनी त्या दिवशी काही न बोलता आईच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवला. पुतणे मुंबईला उच्च न्यायालयात गेले. १९७५ च्या पावसाळ्यात वडील वारले.

१७ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या व्ही. तुळसम्मा नावाच्या विधवेचा निकाल दिला. तिचीही पोटगी, तिच्याही दिराशी तडजोड, त्या तडजोडीतही 'हयातीपुरते' हाच शब्द. न्यायालयाने म्हटले, पोटगीचा हक्क आधीचा आहे. कागदाने तो केवळ ओळखला. म्हणून पहिले पोटकलम लागू, आणि तुळसम्मा पूर्ण मालक. मी ते वर्तमानपत्रात जळगावच्या शिक्षकांच्या खोलीत वाचले. वडील ओसरीवर जे म्हणत ते, चांगल्या इंग्रजीत. पुढच्या वर्षी पुतण्यांचे अपील मुंबईला फेटाळले गेले.

त्या दिवाळीला मी एरंडोल-पारोळ्यावरून एस्टीने धुळ्याला घरी आलो होतो. वसुबारसेची संध्याकाळ. आई तुळशीपाशी पणती लावीत होती. तेवढ्यात फाटक वाजले. माय उभी होती, आणि मायच्या मागे तिचा नातू, आणि नातवाच्या हातातल्या दाव्याला एक तांबडी कालवड, शिंगांना नवा गोंडा बांधलेली. दोघे गावाहून चालत आले होते.

"भाऊची फी," माय म्हणाली.

आई गडबडली. भाड्याचे घर, अंगण दोन खाटांएवढे. कालवड बांधायची कुठे आणि तिला घालायचे काय? पण वसुबारसेला दारात आलेली गाय परत कशी पाठवायची? आईने तिच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, पुरणाचा घास दिला. मग दोघी ओसरीवर बसल्या. माय भाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून थोडा वेळ रडली. कालवड पेरूच्या झाडाला बांधली होती. तिने तेवढ्या वेळात एक आख्खी फांदी सोलली.

शेवटी आईनेच तोड काढली. म्हणाली, "माय, कालवड आम्ही घेतली. ती आमची झाली. पण ती तुमच्या गोठ्यात असू द्या."

मायला ते पटले. मालकी आमची, भोगवटा तिचा. सकाळी कालवड आली तशी परत गेली. पुढच्या साली ती व्याली, आणि त्या दिवाळीपासून दर वसुबारसेला नातवाच्या हाती एक लोटी तूप येऊ लागले. आई त्याला 'खंड' म्हणे. लोटी धुऊन परत करताना ती तीत मूठभर साखर घाली, कारण रिकामे भांडे परत देऊ नये. माय १९९१ साली गेली. त्यानंतरही मुलीने, ज्या दोन एकरांवरून सारे रामायण झाले त्यांच्या मालकिणीने, तूप पाठवणे चालू ठेवले. कालवडीच्या कालवडीच्या कालवडीचे. 'फी टेल' मुलांना समजावताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडे. हिंदू कायद्याला तसली वंशापुरती कातरलेली मालकी ठाऊक नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली कलकत्त्याच्या टागोरांच्या मृत्युपत्रावरून ठरवले आहे खरे. पण गाईंचे कुणी विचारले नव्हते.

निवृत्त झाल्यावर एकदा मोठ्या कोशात मी 'फी' शब्द काढून पाहिला. इतकी वर्षे शिकवला, पण मुळाशी गेलो नव्हतो. जुन्या इंग्रजीत 'फेओह' म्हणजे गुरेढोरे; त्यावरून धन, पैसा. जमिनीच्या 'फी'चे मूळही बहुधा त्याच शब्दाच्या एका भावंडात आहे. लॅटिनमध्ये 'पेकुस' म्हणजे गुरे आणि त्यावरून 'पेकुनिया' म्हणजे पैसा. आणि त्यांचा सख्खा भाऊ संस्कृतात : 'पशु'. म्हणजे फी आणि पशू एकाच कुळातले. आपली अहिराणीही अहिरांची, म्हणजे गुरे राखणाऱ्यांचीच बोली म्हणतात. मी कोश मिटला आणि आईला जाऊन सांगितले. आई तेव्हा पंच्याऐंशीची होती, कानाने कमी ऐके. मी दोनदा सांगितल्यावर ती म्हणाली, "हे शोधायला एवढे जाडे पुस्तक लागले? मायने तर दारात आणून बांधली होती."

नातीला हे सारे सांगून झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने वहीत फक्त एक ओळ लिहिलेली दिसली, भोगवटादार वर्ग १. मी म्हटले, बाकीचे? ती म्हणाली, "बाकीचे परीक्षेला नाही, आजोबा." मग वही मिटता मिटता थांबली आणि विचारू लागली, "त्या दोन एकरांचा सात-बारा आता कुणाच्या नावावर आहे? ऑनलाइन दिसेल ना?" गट नंबर मला पाठ होता. तिने मोबाइलवर काढून दाखवला. मुलगी गेली त्यालाही काही वर्षे झाली; भोगवटादाराच्या रकान्यात तिच्या दोन लेकींची आणि एका लेकाची नावे होती, लेकी आधी. पिकाच्या रकान्यात कापूस, बांधावर तूर.

या वसुबारसेला तूप येईल असे वाटते. लोटी मात्र आता स्टीलची असते.